सव्वातीन मिनिटांचं गाणं, माझी तीन नावं

ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईला नाव नसतं. "आज फिमेल कोण?" असं कीबोर्डवाला विचारतो आणि कुणीतरी माझ्याकडे बोट करतं. चौदा वर्षं मी ही फिमेल आहे. दिवसा डोंबिवलीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते आणि गणपती, नवरात्र, लग्नसराईत रात्री कार्यक्रम करते. २००२ साली 'ऐका दाजीबा' आलं तेव्हा मी शाळेत होते. मराठी बाई पॉप गाऊ शकते, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे वैशाली सामंतांचं ते गाणं स्टेजवर निदान दोनशे वेळा तरी गायले असेन. स्वतःचं मात्र एकही नाही.

२०२४चे गणपती उठले, पाकिटं मोजून झाली आणि ठरवलं, एक गाणं आपलं काढायचं. या वर्षभरात अडलेलं विचारावं असं माणूस मला जवळपास सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय. गाणं व्हायला तीन महिने लागले. उरलेले नऊ महिने माझं नाव नक्की काय, यातच गेले.

चाल माझीच होती, लोकलमध्ये सुचलेली, फोनवर गुणगुणून ठेवलेली. शब्द शाळेतल्या मैत्रिणीने दिले. अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यं बसवणारा, एका कार्यक्रमात ओळख झालेला मुलगा. संगणकावर वाद्यं वाजवायचे, म्हणजे प्रोग्रॅमिंगचे, बावीस हजार ठरले, निम्मे आधी. ढोलकी आणि गिटार खरीच हवी असा माझा हट्ट, त्याचे सहा हजार वेगळे. मैत्रीण पैसे घ्यायला तयार नव्हती. तिला बळंच पाच हजार दिले आणि कागद केला. कागद करताना दोघींनाही अवघडल्यासारखं झालं, पण केला ते बरं झालं. शब्दांची रॉयल्टी तिचीच, अरेंजरचे पैसे एकरकमी, रेकॉर्डिंगची मालक मी, एवढंच त्यात होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभराचा स्टॅम्प पेपर जाऊन पाचशेचा आला, आणि मी नेमकी त्यानंतर पोचले. दोन करार, हजार रुपये.

डबिंग, म्हणजे माझा आवाज रेकॉर्ड करणं, २३ नोव्हेंबरला, शनिवारी होतं. विधानसभेच्या निकालाचा दिवस. गोरेगावला उतरले तर स्टेशनबाहेर गुलाल आणि फटाके. स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात, तासाला नऊशे. रेकॉर्डिस्ट दादांनी पहिलं वाक्य टाकलं, "ताई, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा." कंडेन्सर माइकला सगळं ऐकू येतं, साडीची सळसळसुद्धा. पुढच्या वेळी कुर्ता घालून जायचं हे तेव्हाच ठरवलं.

पहिले दोन टेक ऐकून दादा म्हणाले, "छान आहे, पण हे सुगम संगीत झालंय." खरं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, ठरलेली. स्टेजवर समोरच्या दोन हजार लोकांपर्यंत आवाज पोचवायची सवय, त्यामुळे मुखडाच फेकून गात होते. पॉपमध्ये माइक ओठांपासून वीतभर असतो. श्वाससुद्धा गाण्यात धरलेला असतो आणि शब्द कुणाच्या तरी कानात सांगितल्यासारखा सोडायचा असतो. ते जमायला दीड तास गेला. मग मुखडा दोनदा तंतोतंत तसाच गायचा, म्हणजे आवाज जाड होतो. त्यावर वरच्या सुरातली एक आणि खालची एक हार्मनी. एका अंतऱ्याचे सात टेक झाले आणि दादांनी त्यातून तुकडे निवडून एक अंतरा जोडला. मला आधी ती फसवणूक वाटली होती. ऐकल्यावर वाटली नाही. ऑटोट्यून लावलं का, असं सगळे विचारतात. लावलं, दोन जागी, थोडं.

एक खर्च वाचवायचा उपाय: तीन दिवस आधी अरेंजरकडून डमी ट्रॅक, म्हणजे वाद्यांची कच्ची साथ, घ्या आणि फोनवर गाऊन स्वतःला ऐका. स्केल बदलायचं असेल तर ते घरीच कळतं. मी अर्ध्या स्वराने खाली उतरवलं ते स्टुडिओत, आणि तो पाऊण तास माझ्या खिशातून गेला. एकूण चार तास झाले.

डिसेंबरमध्ये मिक्स आणि मास्टर, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवून शेवटची फाइल करणं, नऊ हजार. ढोलकी आणखी मोठी करा म्हणून मी मागे लागले होते. दादांनी समजावलं की स्पॉटिफायसारख्या गाण्यांच्या ॲपवर सगळी गाणी आवाजाच्या एकाच पातळीला आणून वाजवतात, फार चढवून दिलं तर तेच खाली आणतात. फाइल मागून घेताना डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाची, मागा, एमपीथ्रीवर समाधान मानू नका. गाणाऱ्याचा आवाज नसलेला ट्रॅकही त्याच वेळी घ्या, कार्यक्रमात लागतो. नंतर मागितला की दोन हजार सांगतात.

जानेवारीत एका म्युझिक कंपनीकडून फोन आला. गाणं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. पंधरा हजार देतो, व्हिडिओ आम्ही करू. करार चार पानांचा होता. हक्क सगळे, कायमचे, जगभरासाठी. ओळखीच्या वकीलकाकांना दोन हजार देऊन वाचून घेतला. ते म्हणाले, "यात मास्टर गेला." म्हणजे मूळ रेकॉर्डिंग. त्याच रात्री जेवताना हे बोलले, तर नववीतल्या लेकीचा घास हातातच राहिला. "आई, टेलर स्विफ्टचं हेच झालं होतं!" मग तिने मला पाऊण तास शिकवलं. या अमेरिकन गायिकेच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये तिच्या मर्जीविरुद्ध विकले गेले, म्हणून २०२१ पासून तिने जुने अल्बम पुन्हा गाऊन काढायला घेतले. माझं गाणं एक आणि ऐकणारे शे-दीडशे, तरी कंपनीला नको कळवलं. पंधरा हजार सोडताना छातीत धडधडलं, हे लपवत नाही. तोवर माझे अठ्ठेचाळीस हजारांच्या वर गेले होते.

वकीलकाकांनी एक गोष्ट मात्र पक्की सांगितली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही, आणि गाणाऱ्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे. तेव्हा कुणी "एकदाच पैसे घ्या आणि विसरा" म्हणालं, तर विसरायचं नाही.

आता नाव. गाणं ॲपवर चढवायला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ते सगळ्या ॲपवर पोचवणारी कंपनी, लागतो. मी परदेशी निवडला, वर्षाचे सोळाशे. फॉर्म भरताना पहिल्याच पानावर अडकले. माझं पॅन आणि पगाराचं खातं माहेरच्या नावाने. आधार लेकीच्या शाळेच्या वेळी सासरच्या नावावर केलेलं. स्टेजवर फक्त पहिलं नाव. तिन्ही मीच, पण संगणकाच्या लेखी तीन बायका. परदेशी कंपनी असली की अमेरिकेचा एक कराचा फॉर्म भरावा लागतो, डब्ल्यू-८बेन. त्यात पॅन क्रमांक आणि नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. तो नीट भरला तर अमेरिकेतल्या कमाईवर तिकडे १५ टक्के कर कापतात, नाही भरला तर ३०. अमेरिकेत माझं गाणं ऐकणारा एकच, दीर. तरी भरला.

पॅन आणि आधार, या दोनांपैकी कुठलं तरी एक बदलायला हवं होतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि माझी एक पाळी संपली होती. म्हणून पॅन बदललं. ऑनलाइन दुरुस्तीचा अर्ज, लग्नाचं प्रमाणपत्र जोडून, १०७ रुपये. कार्ड यायला तीन आठवडे लागले. मग बँक. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला प्रमाणपत्राची झेरॉक्स चालेना, तिसऱ्या खेपेला झालं. प्रमाणपत्राच्या मूळ प्रतीसकट सगळी फाइल प्रत्येक वेळी बरोबर न्या, "हे लागणार नाही" असं कुणीही सांगितलं तरी. आणि हे सगळं गाणं रेकॉर्ड करायच्या आधी उरका. मी उलटं केलं.

नवीन पॅन हातात आलं त्या दिवशी उगाच उदास वाटलं. बाबांचं आडनाव आता फक्त शाळा-कॉलेजच्या कागदांवर राहिलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू कुठलं लावतेस ते तू ठरव, मी कधी काही म्हटलं का?" नव्हतं म्हटलं. पण फॉर्म म्हणत होता.

गाणं २८ मार्चला, म्हणजे पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी यायचं ठरवलं. नवी गाणी बहुतेक शुक्रवारीच येतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर निदान सात दिवस आधी ते त्यांच्याकडे पोचलेलं असावं लागतं. मी दोन आठवडे आधी अपलोड केलं. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं, त्याचे दीड हजार. त्यावर नाव फक्त पहिलं, स्टेजवरचं.

रात्री बारा वाजता आम्ही तिघं फोन घेऊन बसलो. माझ्या नावाचं पान उघडलं तर रिकामं. गाणं सापडलं, पण एका दुसऱ्या बाईंच्या पानावर. त्याही माझ्याच नावाच्या, त्यांची चाळीसेक भजनं. त्यांच्या ताज्या भजनाच्या वर माझं ढोलकीवर नाचायचं गाणं. लेक इतकी हसली की शेवटी मलाही हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सकाळपासून नातेवाइकांचे मेसेज सुरू, "सापडत नाही गं."

झालं असं होतं की अपलोड करताना "या नावाची कलाकार आधीच आहे, तीच का तुम्ही?" असा प्रश्न येतो. मी घाईत "होय" दाबलं होतं, कारण नाव माझंच होतं ना! तिथे "नवीन कलाकार" निवडायचं असतं. त्याच्याही आधी, नाव ठरवतानाच सगळ्या ॲपवर शोधून बघायचं. डिस्ट्रिब्युटरशी मेलामेली पाच दिवस चालली. शेवटी गाणं उतरवलं आणि पुन्हा नव्याने चढवायचं ठरवलं. आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक, तो तोच ठेवायला विसरू नका. डिस्ट्रिब्युटर तो फुकट देतो. गाणं पुन्हा चढवताना जुना क्रमांक हाताने टाकावा लागतो, नाहीतर तेच रेकॉर्डिंग नवीन गाणं म्हणून नोंदलं जातं. पाडवा तर गेलाच.

पुन्हा चढवायचं तर नाव कुठलं, हा प्रश्न परत उभा. त्या आठवड्यात मी गायिकांच्या नावांच्या मागेच लागले होते. १९४९च्या 'महल'च्या तबकडीवर लताबाईंचं नावच नव्हतं. गायिकेच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं नाव छापलेलं. उषा उत्थुप यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड उषा अय्यर या नावाने निघाल्या. आशाताई मंगेशकरांच्या घरातल्या, पण लग्नानंतर नाव कायम भोसले. मोठ्या बायकांचंही हे चुकलं नाही म्हटल्यावर जरा बरं वाटलं. शेवटी मी पहिलं नाव आणि माहेरचं आडनाव घेतलं. कलाकाराचं नाव पॅनशी जुळावं लागत नाही, पैसे घेणाऱ्याचं जुळावं लागतं, एवढं तोवर शिकले होते. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि लगेच आईकडे फोन दिला.

एप्रिलमध्ये कॉपीराइटची नोंदणी सुरू केली. नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं झालं त्या क्षणी आपोआप मिळतो, पण भांडण झालं तर कागद लागतो. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४, ऑफिस दिल्लीला. शब्दांचा अर्ज वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. पहिल्या दोन्हींचे पाचपाचशे, रेकॉर्डिंगचे दोन हजार. चालीसाठी भातखंडे पद्धतीने नोटेशन लिहून दिलं. गांधर्वच्या परीक्षांनंतर पहिल्यांदा ते कामी आलं. अर्ज गेला की डायरी क्रमांक मिळतो आणि कुणाची हरकत येते का म्हणून तीस दिवस थांबावं लागतं. माझ्या रेकॉर्डिंगच्या अर्जावर त्रुटीचं पत्र आलं. मैत्रिणीच्या ना-हरकत पत्रात माझं नाव जुनं, अर्जात नवं. चूक माझी. तिने दुसरं पत्र दिलं. शब्दांचं प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आलं, बाकी दोन अजून वाटेत आहेत.

या वाट बघण्यात मे महिन्याच्या शेवटी लेक ओरडत आली. टेलर स्विफ्टने तिचे मास्टर परत विकत घेतले. आम्ही घरी आमरस केला होता, तो त्या निमित्ताने केला असं ठरलं.

१३ जूनला, शुक्रवारी, गाणं पुन्हा आलं. या वेळी आपल्या पानावर. बारा वाजता कुणी जागं नव्हतं, मीसुद्धा नाही.

रॉयल्टीच्या संस्थांचा गोंधळ मी जून-जुलैत सोडवला, तो इथे नीट लिहिते, कारण मला तो सगळ्यात जास्त चक्रावून गेला. ॲपवर वाजल्याचे रेकॉर्डिंगचे पैसे डिस्ट्रिब्युटरमार्फत मालकाला येतात. चाल आणि शब्दांचे पैसे त्यात येत नाहीत. ते आयपीआरएस ही संस्था गोळा करते, १९६९ पासूनची, गीतकार-संगीतकारांची. मी चाल केली म्हणून मी तिथे सभासद होऊ शकले, मैत्रीण शब्दांसाठी. नुसतं गाणाऱ्याला तिथे जागा नाही. गायकांची संस्था वेगळी, २०१३ मध्ये 'इस्रा' नावाने सुरू झालेली, आता वादकांनाही घेते म्हणून 'इसामरा'. म्हणजे एकाच गाण्यासाठी एकच बाई तीन दारांवर उभी. आयपीआरएसचा अर्ज ऑनलाइन आहे. पॅन, आधार, रद्द केलेला चेक लागला, आणि टोपणनावासाठी वेगळा रकाना निघाला तेव्हा मला अगदी हायसं झालं. सभासद झालं की काम संपत नाही, प्रत्येक गाणं वेगळं नोंदवायचं असतं, कुणाचा किती वाटा त्यासकट. आम्ही निम्मं-निम्मं लिहिलं. दोघींनी वेगवेगळे आकडे टाकले तर पैसे अडकतात, म्हणून फोन चालू ठेवून एकाच वेळी भरलं.

सप्टेंबरमध्ये पहिलं स्टेटमेंट आलं. ॲपचे आकडे दोन-तीन महिने उशिरा येतात. सगळीकडचे मिळून २,९१४ प्ले, १८६ रुपये ४२ पैसे. तीस सेकंदांच्या आत कुणी बंद केलं तर ते मोजत नाहीत. शिवाय बारा महिन्यांत एका गाण्याचे हजार प्ले झाले नाहीत तर स्पॉटिफाय २०२४ पासून त्या रेकॉर्डिंगचे पैसेच देत नाही. त्या हजारात मी थोडक्यात बसले. डिस्ट्रिब्युटरची किमान रक्कम भरत नाही म्हणून १८६ रुपये तिथेच पडून आहेत. अकाउंट्सवाली असल्याने एक्सेलमध्ये सगळं मांडलं: खर्च ५४,८०७, जमा शून्य. व्हिडिओ लेकीने फोनवर केला, तो यात धरलेला नाही. प्रवास आणि वडापावही धरलेले नाहीत. हे आकडे लिहितेय ते कुणी घाबरावं म्हणून नाही. मला आधी माहीत असते तर कर्ज काढायचा विचार डोक्यातही आला नसता, जो आला होता.

नवरात्रात एका मंडळाने मला माझं गाणं गायला सांगितलं. फ्लेक्सवर नाव सासरच्या आडनावाने होतं, पहिल्या नावातही वेलांटी चुकलेली. मी ट्रॅक दिला, गायले. मुखड्याला पुढच्या रांगेतल्या चार-पाच पोरी बरोबर गात होत्या. त्यातल्या दोन लेकीच्या वर्गातल्या, हे घरी आल्यावर कळलं.

इसामराचा अर्ज राहिलाय, दिवाळीनंतर भरीन. दरम्यान, डिस्ट्रिब्युटरने गाणं कॉलर ट्यूनलाही दिलं आणि सासूबाईंनी ते त्यांच्या फोनला लावून घेतलं. त्या फोन लवकर उचलत नाहीत, ऐकू कमी येतं. दुपारी ऑफिसातून त्यांना गोळ्यांची आठवण करायला फोन लावते, तर रोज सबंध मुखडा ऐकावा लागतो. दुसऱ्या ओळीत श्वास जरा उशिरा घेतलाय, ते आता लक्षात आलंय.